पिकअप खळ्यात (घरापुढच्या अंगणात) उचलायची आहे, बजेट 5,000. चिऱ्यांना पर्याय सांगा

कातळावरचा
11 मे, रात्री 10:40

नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यात आमची हापूसची बाग आहे आणि घरची एक बोलेरो पिकअप, नऊ वर्षं जुनी. सीझनभर पेट्या घेऊन कधी कोल्हापूर, कधी वाशी. आता शेवटचा माल निघतोय. पाऊस यायच्या आत गाडीखालची कामं उरकायची आहेत: मागच्या पाट्यांचे (चाकांवरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांचे) रबरी बुश, ब्रेक शू, आणि चेसिस घासून रंग. मे महिन्यात गॅरेजला नंबर लागत नाही, आणि एवढं काम मी आणि धाकटा भाऊ घरीच करतो.

अडचण आहे ती गाडी उचलून धरण्याची. आजवर कंपनीचा जॅक लावायचा आणि हाऊसिंगखाली (मागच्या दोन चाकांमधल्या आसाच्या नळीखाली) चार-पाच जांभ्याचे चिरे रचायचे, ही आमची पद्धत. वाडीत सगळे तेच करतात. गेल्या रविवारी शेजारच्या दादांची पिकअप अशीच एका बाजूने चिऱ्यांवर होती. ब्रेकचा ड्रम जाम झाला होता म्हणून दादा हातोडीने ठोकत होते. तिसऱ्या का चौथ्या ठोक्याला वरचा चिरा मधोमध दुभंगला. आवाजही फार नाही, कडक भाकरी मोडावी तेवढाच. गाडी बसली. नशीब एवढंच की काढलेलं चाक दादांनी पाट्याच्या यू-बोल्टखाली आडवं सरकवून ठेवलं होतं, त्यावर पाटा टेकला. तेही सुरक्षेसाठी नाही, वाटेत येत होतं म्हणून. दोन-चार मिनिटं कोणी काही बोललं नाही. मग वहिनी बाहेर आल्या आणि जे बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तर आता चिरे बंद. दोन पोस्टची लिफ्ट लाखाच्या वर जाते, ती आपल्याला नको. 5,000 रुपयांत काय काय घ्यावं, आणि कुठे लावावं?


मालवणी_खाजा
11 मे, रात्री 11:05

चिरो तो चिरोच. घराक ठीक, गाडयेक नाय. दादा वाचलो ह्या देवाची कृपा, नारळ ठेवा आधी. बाकी जाणकार सांगतील.


घाटावरून
12 मे, सकाळी 7:50

शीर्षक वाचून मला वाटलं गाडीची उंची वाढवायची आहे, म्हणून लगबगीने उघडलं. माझीही पिकअपच आहे आणि मागून दोन इंच उचलून घ्यायचा विचार चालू आहे. या विषयावर कोणी बोलणार असेल तर मी इथेच बसून आहे.


कातळावरचा
12 मे, सकाळी 8:15

@घाटावरून, नाही हो, आमची आहे त्या उंचीवर सुखी आहे. फक्त खाली शिरून परत बाहेर यायचं आहे.


पाटेवाला
12 मे, दुपारी 2:30

26 वर्षं पाट्यांच्या कामात गेली, आता घरी आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

जॅकवर गाडी फक्त वर न्यायची. वर गेली की वजन घोडीवर, म्हणजे गाडीखाली द्यायच्या लोखंडी स्टँडवर द्यायचं. बाटली जॅकमध्ये सगळा भार तेलावर असतो आणि ते तेल एका सीलने अडवलेलं असतं. सील जुनं झालं की गाडी डोळ्यांना कळणार नाही इतकी हळू बसत जाते. जॅकची चावी, म्हणजे तेल सोडायचा स्क्रू, पायाने किंवा पान्याने जराशी फिरली तर हळूबिळू काही नाही, सरळ खाली. आणि एक सांगून ठेवतो, जॅकचं तेल कमी झालं म्हणून ब्रेक ऑइल ओतणारे मी डझनाने पाहिले. त्याने सील फुगतं आणि जॅक निकामी होतो. जॅकला हायड्रोलिकचंच तेल.

दुसरं, गाडी जागची हलू नये. इथे भले भले चुकतात. हँडब्रेक मागच्या चाकांना धरतो. मागची दोन्ही चाकं उचललीत की हँडब्रेकचा विषय संपला. मग लोक म्हणतात, पहिल्या गिअरमध्ये टाकली आहे की! अहो, तुमच्या गाडीत इंजिनचा जोर मागच्याच चाकांना जातो, तेव्हा गिअरही त्यांनाच धरणार. एकच बाजू उचलली असेल तर? तरी गिअरचा भरवसा नाही. जमिनीवरचं चाक पुढे सरकायला लागलं की डिफरन्शियल (दोन चाकांना जोर वाटून देणारा मधला गोळा) हवेतलं चाक उलटं फिरवतो आणि गाडी चालती होते, गिअर आहे तिथेच. खोटं वाटत असेल तर सपाट जागेवर एक मागचं चाक उचला, गाडी गिअरमध्ये ठेवा आणि ते चाक हाताने फिरवून बघा. दुसरं चाक जमिनीला चिकटलेलं आहे म्हणून ते फिरत नाही. तेच उतारावर जमिनीवरच्या चाकाला कोण अडवणार? तेव्हा पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून लाकडी गुटके, चांगले ठोकून. दगड नको, दगड घरंगळतो.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करून घ्या. वर गेल्यावर टोमीला (पान्याच्या दांड्याला) लटकून नट सोडवणं म्हणजे गाडी हलवून बघण्यासारखंच आहे.

आता घोडी कुठे लावायची ते कामावर आहे. नुसते ब्रेक शू बघायचे असतील तर हाऊसिंगच्या नळीखाली, पाट्याच्या जवळात जवळ. मधल्या गोळ्याखाली नाही, तिथे गाडी डुलते. बुश बदलायचे असतील तर मात्र पाटा मोकळा हवा, म्हणून घोडी चेसिसखाली, पाट्याच्या पुढच्या हँगरच्याही (पाटा चेसिसला जोडतो त्या जागेच्याही) पुढे. जॅक हाऊसिंगखाली लावून उचला, चेसिसखाली दोन घोड्या द्या, मग जॅक हळूहळू सोडा. चेसिस घोडीवर राहील आणि हाऊसिंग लोंबेल. जॅक काढून टाकू नका, हाऊसिंगला नुसता टेकवून ठेवा, नाहीतर पिन निघाली की पाट्याचं तोंड मनगटावर येतं.

आणि घोडी घेताना उंची मोजून जा. बाजारात 3 टनी घोडी स्वस्त मिळते, पण ती कारसाठी ठीक. पिकअपच्या चेसिसला पोचत नाही, मग लोक तिच्याखाली चिरा घालतात! 6 टनी घोडी वजनासाठी नव्हे, उंचीसाठी घ्या, ती साधारण 60 सेंटिमीटरपर्यंत जाते. डब्यावरचे टन एका घोडीचे की जोडीचे, तेही वाचा. गाडीचं रिकामं वजन आरसीवर लिहिलेलं असतं. स्टेपनी आणि मागे पडलेल्या रिकाम्या क्रेट धरून त्यात भर घाला.


निवांत_काका
12 मे, सायंकाळी 6:10

सगळं मान्य, पण चिऱ्याला उगाच बदनाम करताय. माझं घर 1961 सालचं, चिऱ्यांचंच. वर कौलं, खाली आम्ही चार पिढ्या. एकही भिंत हलली नाही. पिकअप काय घरापेक्षा जड आहे?


पाटेवाला
12 मे, सायंकाळी 7:25

काका, घराचं वजन चिऱ्याच्या सगळ्या पाठीवर पसरलेलं असतं, मध्ये दर्जा (सांधे) भरलेल्या, आणि घराला कोणी हातोडीने ठोकत नाही. हाऊसिंग ही गोल नळी. ती चिऱ्यावर बोटभर रुंदीच्या रेघेवर टेकते. जांभा आतून भोकाभोकांचा, प्रत्येक भोक म्हणजे फुटायला तयार जागा. खाणीतून काढला की मऊ असतो, वाऱ्यावर कडक होतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. खळ्याच्या कडेला पडलेला चिरा किती वाऱ्यावर होता आणि किती पावसात, ते कोण सांगणार? सिमेंटचा पोकळ ब्लॉक तर त्याहून वाईट. हे दोन्ही न सांगता फुटतात.


दर्याकिनारी
12 मे, रात्री 9:40

न सांगता फुटतात हे अगदी खरं. लाकूड आधी करकरतं, चेपतं, तुम्हाला बाजूला व्हायला वेळ देतं. आमच्याकडे हर्णैला 1 जूनला मासेमारी बंद झाली की होड्या वर घेतात. त्यांच्याखाली कायम लाकडाचेच ओंडके आणि टेकू असतात. म्हातारे खलाशी होडीखाली दगड घालू देत नाहीत.

पण मला वेगळं सांगायचं आहे. किनाऱ्यावरच्या गाड्यांनी जॅक लावायच्या आधी चेसिस बघावी. आमची पिकअप मासळीची. बर्फाचं पाणी, त्यात खारेपणा, रोज हौद्याच्या फटीतून चेसिसवर ठिबकतं. वरून काळा रंग छान होता. दोन वर्षांपूर्वी मी नेहमीच्या जागी, पाट्याच्या हँगरजवळ, जॅक लावला आणि दांडा मारत गेलो. गाडी वर येईना. मला वाटलं जॅकच गेला. वाकून बघतो तर जॅकचं डोकं चेसिसच्या आत शिरलं होतं, पापडात बोट घालावं तसं. पत्र्याचे पापुद्रे जमिनीवर पडले होते, चहाच्या भुकटीसारखे.

तेव्हापासून आधी छोट्या हातोडीने चेसिस वाजवून बघतो. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला, किंवा पापुद्रा सुटला, की ती जागा जॅकला वर्ज्य. कातळावर राहणाऱ्यांनाही सांगतो, समुद्र दिसत नाही म्हणून खारा वारा येत नाही असं नाही.


कातळावरचा
12 मे, रात्री 10:20

@दर्याकिनारी, आत्ताच बॅटरी घेऊन खाली जाऊन वाजवून आलो. आईने विचारलं, रात्रीचं काय ठोकतोस. डावीकडचा आवाज छान आहे. उजवीकडे सायलेन्सरच्या वर एक जागा संशयास्पद.

@पाटेवाला, तुमचा प्रतिसाद भावाने कागदावर उतरवून घेतलाय. गिअरचं मला खरंच माहीत नव्हतं. इतकी वर्षं आम्ही गिअरमध्ये टाकून निर्धास्त खाली झोपत होतो.


उनाड
13 मे, सकाळी 9:00

एवढे पैसे कशाला? अंगणात फणस असेलच. चेन कुप्पी (साखळीने वजन उचलायची) भाड्याने आणा, जाड फांदीला अडकवा, मागचा हुक धरून गाडी वर. आमच्याकडे एकदा जेसीबी कामाला आला होता, त्याने बकेटला साखळी लावून दोन मिनिटांत मागची बाजू उचलली. चहा पाजला, काम झालं.


पाटेवाला
13 मे, सकाळी 11:15

जेसीबीने उचलली यात वाद नाही. पण तुम्ही खाली किती वेळ होतात? जेसीबीचं इंजिन बंद केलं की बकेट हळूहळू खाली येते, कधी लवकर, कधी उशिरा. आणि चालकाच्या कोपराचा दांड्याला धक्का लागला तर? उचलायला वापरा, वर गेली की घोडी द्या आणि जेसीबीला रजा द्या. कुप्पीचंही तेच.

फणसाच्या फांदीबद्दल मी बोलत नाही.


सोलकढी
13 मे, दुपारी 1:40

फांदीबद्दल मी बोलते. आमच्या परसातल्या फणसाला मामांनी कुप्पी लावून पॉवर टिलरचं इंजिन उचललं होतं. फांदी टिकली. दुसऱ्या वर्षी त्याच फांदीला साल सोलवटलेल्या जागी कीड लागली आणि पावसात ती गोठ्यावर पडली. आजी अजून मामांना ऐकवते.

खळ्याबद्दल एक. सारवलेल्या जमिनीवर जॅक लावू नका. वरून टणक दिसतं, खाली मुरूम आणि माती. आमच्याकडे जॅक बोटभर रुतला आणि तिरका झाला. जॅकखाली जाड फळी किंवा लोखंडी प्लेट हवीच. त्यापेक्षा घराजवळ उघडा कातळ असेल तर गाडी तिथेच न्या, फक्त सपाट जागा बघून.


घाटावरून
13 मे, रात्री 8:30

मंडळी, माझ्या दोन इंचांचं काय? आमच्या इथला एकजण म्हणतो मागच्या पाट्यात एक जादा पान घालून देतो, शॅकल (पाट्याच्या टोकाची कडी) लांब करून देतो, 4,000 मध्ये. शेताच्या वाटेवर हौद्याखालचा अँगल घासतो म्हणून.


पाटेवाला
13 मे, रात्री 9:50

अहो, तुमचा प्रश्न वेगळा, धागा वेगळा, पण थोडक्यात सांगतो. जादा पान घातलं की रिकामी गाडी दगडासारखी उसळते आणि ओल्या उतारावर मागची चाकं पकड सोडतात. बऱ्याच पिकअपना मागे हाऊसिंग आणि चेसिसच्या मध्ये एक छोटा दांडा आणि व्हॉल्व्ह असतो. गाडी किती दबली त्यावरून तो मागच्या ब्रेकला जोर देतो. मागून उंच केलीत की त्याला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि भरलेल्या गाडीला तो रिकाम्या गाडीचा ब्रेक देतो. आंबा घाटात उतरताना हे कळण्यात अर्थ नाही. शिवाय प्रोपेलर शाफ्टचा (मागच्या चाकांकडे जोर नेणाऱ्या दांड्याचा) कोन बदलतो, ब्रेकचा होज ताणला जातो, हेडलाइट वाकतात.

पाट्यातली तुटलेली किंवा बसलेली पानं बदलून मूळ उंची परत आणा, बहुतेकदा तिथेच दीड-दोन इंच सापडतात. नऊ-दहा वर्षं माल वाहिलेला पाटा कधीच सरळ राहिलेला नसतो.


निवांत_काका
13 मे, रात्री 10:30

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीने दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलात परस्पर बदल चालत नाहीत. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 182अ मध्ये मालकाला दर बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, असं आहे. मी तालुक्याच्या कोर्टात कारकून होतो म्हणून हे पाठ आहे. चिऱ्यांच्या बाबतीत मात्र मी हरलो.


उनाड
14 मे, सकाळी 8:20

घोडी घरी बनवली तर? आमचा फॅब्रिकेटर जुन्या ट्रकच्या हाऊसिंगच्या तुकड्याला तीन पाय जोडून देतो, 700 रुपयांत एक.


पाटेवाला
14 मे, सकाळी 10:05

जुन्या गॅरेजमध्ये अशाच घोड्या होत्या आणि त्या आम्हाला पुरून उरल्या. पण वेल्डिंग करणारा हात कोणाचा, यावर सगळं आहे. गेटची जाळी जोडणाऱ्याने घोडी जोडू नये. पाय खाली पसरट हवेत, तीन असले तर अंतर सारखं, आणि वरचा माथा सपाट नको, नळी बसेल असा खोलगट हवा. चार पैसे वाचवायचे असतील तर गुटक्यांवर वाचवा.


कातळावरचा
27 मे, रात्री 9:15

धागा वर काढतोय. काम झालं, दोघेही धड आहोत. हिशोब लिहितो.

5 टनी बाटली जॅक 1,450. 6 टनी घोडीची जोडी रत्नागिरीतून 3,400. भंगारातून फूटभर लांबीरुंदीची जाड प्लेट 200, जॅकखाली द्यायला. गुटक्यांसाठी लाकडाच्या वखारीत गेलो, तिथल्या म्हाताऱ्याने ऐनाचे कापलेले तुकडे असेच दिले, म्हणाला, आंब्याचं लाकूड नेऊ नकोस, ते पेट्यांनाच बरं. एकूण 5,050. बजेट 50 रुपयांनी हुकलं.

गाडी खळ्यात न लावता वरच्या सड्यावर नेली. तिथे कातळ सपाट आहे, पण सावली नाही, म्हणून पहाटे साडेपाचला सुरुवात केली. पुढच्या चाकांना आठ गुटके लावले (भाऊ म्हणाला चार पुरे, मी ऐकलं नाही). नट आधी सैल केले. जॅकने उचलून चेसिसखाली घोड्या दिल्या आणि जॅक सोडत असताना मी बाजूला उभा राहून फक्त घोड्यांकडे बघत होतो. उजवी घोडी केसभर सरकली. परत उचलली, घोडी बदलून चेसिसच्या सरळ भागाखाली घेतली, पुन्हा सोडली. मग दोघांनी हौद्याला धरून गाडी जोरात हलवली, आधी एका बाजूने, मग दुसऱ्या. हलली नाही. तरीही काढलेली दोन्ही चाकं एकावर एक चेसिसखाली ठेवली. दादांची आठवण.

खरा वेळ खाल्ला शॅकलच्या पिनने. डावी निघाली. उजवी नऊ वर्षं गंजून बुशशी एकजीव झाली होती. आदल्या रात्री डिझेल सोडून ठेवलं होतं, काही उपयोग नाही. गॅसवाल्याला बोलवावं म्हणत होतो, तेवढ्यात भावाने पिनीच्या डोक्यावर उलटा नट चढवला आणि मोठी हातोडी घेतली. अकरा ठोके. प्रत्येक ठोक्याला माझं लक्ष पिनीकडे नव्हतं, घोडीकडे होतं. जुना बुश बाहेर आला तेव्हा तो रबराचा होता हे सांगावं लागलं असतं, वाळलेल्या आमसुलासारखा दिसत होता.

उजवीकडची ती संशयास्पद जागा खरंच वाईट निघाली. बोटाने दाबलं तर आत गेली. तिथे मी दरवर्षी जॅक लावत आलोय. वेल्डरला दाखवली, तो म्हणतो आतून पट्टी मारावी लागेल, रंगाने भागणार नाही. तो खर्च वेगळा.


दर्याकिनारी
27 मे, रात्री 9:50

पट्टी मारायच्या आधी आतला गंज पूर्ण घासून घ्या, नाहीतर पट्टीच्या मागे तो चालूच राहतो. आणि बॅटरीची वायर काढूनच वेल्डिंग करायला सांगा.


मालवणी_खाजा
27 मे, रात्री 10:10

दादांका घोडी दिलास की नाय मग? की ते अजून चिऱ्यारच?


कातळावरचा
28 मे, सकाळी 7:30

दादांनी आदल्याच दिवशी येऊन सांगून ठेवलं होतं, तुझं झालं की जोडी माझ्याकडे. वहिनींनी चिरे आधीच उचलायला लावलेत. आमचे मी तुळशीच्या मागे रचले होते, आईने त्यातले सहा बाजूला काढलेत, न्हाणीघराची पायरी करायला. पाऊस यायच्या आत करून दे म्हणते.